चिमूटभर उजेड

आंबोलीला पावसाळ्यात दोन जातींची माणसे जातात. पहिली दिवसा जातात. घाटातल्या धबधब्याखाली उभी राहतात, गाडीच्या टपावर भिजलेले टॉवेल वाळत घालतात (ते वाळत नाहीत ही गोष्ट वेगळी), कांदाभजी आणि मक्याची कणसे खातात आणि अंधार पडायच्या आत सावंतवाडी नाहीतर बेळगाव गाठतात. दुसरी जात दिवेलागणीला चहा घेऊन, गुडघ्यापर्यंतचे गमबूट चढवून, कपाळाला दिवा बांधून बाहेर पडते आणि रात्री अकरा-बारापर्यंत ओणवी होऊन रानात हिंडते. पहिल्या जातीविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मी लिहिणार आहे ते दुसऱ्या जातीविषयी. आणि त्यातही तिच्या एका खास चिंतेविषयी. ही चिंता सापाची नसते, विंचवाचीही नसते. उजेड किती टाकावा, याची ती चिंता असते.

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर. दाणोली मागे पडली की घाट सुरू होतो आणि घाटाबरोबर पाऊसही. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला अडून वर चढतो आणि चढता चढता आपले ओझे इथेच टाकून देतो. वर्षाकाठी अडीचशे-तीनशे इंच म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या माणसाला आकड्यांनी कळत नाही. खोलीतल्या उशीला वास येऊ लागला, काड्यापेटी पेटेनाशी झाली आणि पाकिटातल्या नोटा एकमेकींना चिकटल्या, की मग कळते. वर जांभ्याची सपाट पठारे, त्यांच्या कडेने दाट झाडी आणि सगळ्यावर धुके. हे धुके दिवसा फार काव्यमय वाटते. रात्री कॅमेरा हातात असला तर मात्र ते शत्रू असते. ते कसे, ते पुढे येईलच.

माझे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले आणि बेडकांच्या मागे लागले. दर वर्षी मृगाचा पाऊस पडला, की ते आंबोलीची बस धरतात. त्यांच्याबरोबर मी दोन पावसाळे गेलो. माझ्याकडे काम असे, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फ्लॅश धरून उभे राहण्याचे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा जबाबदारीचे काम कोणी देत नाही. पण दिवा धरणाऱ्याला एक फायदा असतो. फोटो काढणारा भिंगातून पाहत असतो, आणि उजेड कुठून आला, कुठे पडला आणि त्याने काय केले, हे दिवा धरणाऱ्यालाच दिसते.

प्रथम एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. दिवसाउजेडी आपण फोटो काढतो तेव्हा उजेड आधीपासून असतोच. आपण फक्त त्यातला किती आत घ्यायचा ते ठरवतो. आंबोलीच्या रात्री तसे काही नाही. तिथे असतो तो निखळ काळोख. शटर साठाव्या सेकंदाला ठेवा नाहीतर दोनशेव्या, चित्रात तसूभर फरक पडत नाही. कारण फ्लॅशची ठिणगी त्याहून कितीतरी आधी उमटून विझलेली असते. हिशेबात राहतात त्या चारच गोष्टी: फ्लॅशची ताकद, त्याचे अंतर, भिंगाचे तोंड किती उघडे आणि कॅमेऱ्याची संवेदना किती. उजेड घ्यायचा नसतो, द्यायचा असतो. आमचे स्नेही त्याला ‘मात्रा’ म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडला. मात्रा वैद्याची असते. कमी पडली तर गुण नाही, आणि जास्त झाली तर रोग्याची धडगत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आजचे कॅमेरे स्वतःच मोजतात. खरे आहे. १९७५ साली जपानच्या ऑलिंपस कंपनीचा ओएम-२ नावाचा कॅमेरा आला, त्याने फिल्मवर पडून परतणारा उजेड कॅमेऱ्याच्या आतच मोजायची सोय केली आणि पुरेसा झाला की फ्लॅश आपोआप तोडायलाही तो शिकला. बारीक वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना तो वरदानासारखा वाटला. पुढे हीच कल्पना सुधारत सुधारत आजच्या कॅमेऱ्यांत आली. तिला टीटीएल म्हणतात. पण या यंत्राला एक खोड आहे आणि ती घरच्या घरी पाहता येते. ताटात पांढरे तीळ पसरा आणि ताट भरून दिसेल असा फोटो काढा. मग त्याच ताटात काळे तीळ पसरून काढा. दोन्ही वेळा यंत्रावर विसंबून राहा. पांढरे तीळ मळकट येतील, काळे तीळ विटलेले येतील, आणि दोघेही करड्या रंगाकडे झुकलेले दिसतील. यंत्राला तीळ कळत नाहीत. जग सरासरीने करडे आहे, एवढ्या एकाच श्रद्धेवर ते चालते.

आंबोलीत हे दोन्ही तीळ भेटतात. काळे तीळ म्हणजे भिजलेल्या जांभ्यावर बसलेला आंबोलीचा भेक. (मराठीत आपण सरसकट सगळ्यांनाच बेडूक म्हणतो, खरखरीत अंगाच्या, उड्या मारण्यापेक्षा सरपटत चालणाऱ्या जातीला पुस्तकांत भेक म्हणतात. शब्द चांगला आहे, वापरात यायला हवा.) यंत्र काळा दगड पाहून उजेड ओतत सुटते आणि भेकाच्या अंगावरचे पिवळे पट्टे जळून पांढरे होतात. पांढरे तीळ म्हणजे मलबारी उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे. पाण्यावर वाकलेल्या फांदीला ते साबणाच्या फेसासारखे लोंबत असते. ते पाहून यंत्र हात आखडते आणि फेस धुण्याच्या पाण्यासारखा दिसू लागतो. सगळ्यांत वाईट अवस्था होते ती उंच पानावर एकटाच बसलेला लहान बेडूक टिपताना. मागे सगळा काळोख. यंत्राला वाटते, केवढा हा अंधार, आणि ते त्या काळोखाला उजळायला धावते. काळोख उजळत नाही. बेडूक तेवढा पांढराफटक पडतो.

म्हणून आमचे स्नेही यंत्र बंद ठेवतात आणि मात्रा स्वतः ठरवतात. त्यांच्या खिशातल्या डायरीत तिचा हिशेब आहे. बँकेतला माणूस, त्यामुळे अक्षर सुवाच्य. आकडेमोडीचा कंटाळा असणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल ओलांडावा.

प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. फ्लॅश पूर्ण ताकदीला असताना अंतराचे मीटर आणि भिंगाचा एफ-आकडा यांचा गुणाकार त्या नंबराइतका आला की मात्रा बरोबर. त्यांचा फ्लॅश लहानसा, आयएसओ १०० ला २० नंबरचा. तो सोळाव्या हिश्श्यावर आणला की नंबर सोळावा हिस्सा होत नाही, चौथा हिस्सा होतो. उजेड अंतराच्या वर्गाने उतरतो म्हणून. विसाचे झाले पाच. आयएसओ २०० केला की पाचाचे सात. फ्लॅश भेकापासून वीस सेंटिमीटरवर, म्हणजे ०.२ मीटरवर, साताला त्याने भागले की पस्तीस. फ्लॅशपुढे उजेड मऊ करायला ट्रेसिंग पेपरचा पडदा असतो, तो चारातले तीन हिस्से खातो. पस्तिसाचे निम्मे, साडेसतरा. शेवटी एक दंड भरायचा असतो. वस्तूच्या फार जवळ जाण्यासाठी भिंग पुढे सरकते आणि त्यातून येणारा उजेड आत जास्त पसरून पातळ होतो. वस्तू खऱ्या आकाराएवढी उमटवायची तर एफ ११ चा एफ २२ होऊन बसतो, म्हणजे एक चतुर्थांशच उजेड हाती लागतो. निम्म्या आकाराला उमटवायची तर आकड्याला दीडने भागायचे. साडेसतराला दीडने भागले की पावणेबाराच्या जवळपास. उत्तर: एफ ११. आणि खरोखर, त्या एफ ११ वर भेक जसा दिसतो तसाच येतो.

एफ ११ का, त्याहून मोठे तोंड का नाही, याचेही कारण आहे. इतक्या जवळून नजर फार उथळ होते. खऱ्या आकाराच्या चित्रात एफ ११ वरसुद्धा रेखीव दिसणारी जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. डोळा साधला तर नाकपुडी गेली. आणि तोंड फार बारीक करावे, एफ २२ च्या पुढे जावे, तर सगळेच चित्र किंचित धूसर होते. म्हणजे सगळीकडून बांधलेले; मोकळा राहतो तो एक दिवा. त्याचे अंतर निम्मे केले तर उजेड चौपट. वीस सेंटिमीटरचे सतरा झाले तर डोळ्याला कळणारही नाही, पण चित्र जवळजवळ दीडपट उजळते. माझा हात पावसात थोडा पुढे-मागे झाला की स्नेही भिंगावरून डोळा न काढता म्हणत, “जोशात येऊ नका.”

आता धुके. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला तर त्याचा उजेड भेकापर्यंत जायच्या आधी मधल्या धुक्यावर पडतो आणि तिथूनच भिंगात परत येतो. चित्रात दुधाची भिंत उभी राहते. पावसाचा थेंबही तसाच. भेक वीस सेंटिमीटरवर आणि थेंब पाचावर, तर त्या थेंबावर सोळापट उजेड पडतो. चित्रभर पांढरे ठिपके, जणू देवी आल्या आहेत. उपाय एकच: दिवा कॅमेऱ्यापासून काढून, लांब तारेने जोडून, बाजूने आणि प्राण्याच्या जवळ धरायचा. मग भिंग आणि भेक यांच्यामधले धुके काळोखातच राहते. छत्री आणि फ्लॅश एकाच माणसाकडे का, याचे उत्तर हे आहे.

पडद्याचे महत्त्व तर बेडकाच्या डोळ्यांत वाचता येते. ओले अंग आरशासारखे असते. दिवा लहान असेल तर अंगावर जळके पांढरे टिंब उठते, आणि मात्रा कितीही बरोबर असली तरी ते जात नाही. दिव्यापुढे मोठा पडदा जवळ धरला की तेच टिंब पसरते आणि मऊ होते. आमच्या स्नेह्यांचा पडदा पुठ्ठा, ट्रेसिंग पेपर आणि बटाट्याच्या वेफर्सच्या पुडीची चकचकीत आतली बाजू यांचा बनवलेला आहे. त्यांच्या प्रत्येक बेडकाच्या बुबुळात त्याची चौकोनी खिडकी दिसते. दुकानात महागडे पडदे मिळतात. त्यांच्या खिडक्या गोल असतात, एवढाच फरक मला तरी दिसला.

इथवर सगळी हौसेची गोष्ट झाली. पण ज्याच्यासाठी हा उपद्व्याप, तो भेक काही साधासुधा नव्हे. इंच-सव्वा इंचाचा हा प्राणी विज्ञानाला नवी जात म्हणून कळला तो २००९ साली. अंगावरच्या पट्ट्यांमुळे त्याच्या लॅटिन नावात वाघ आला: झँथोफ्रिन टायगेरिना. आंबोली आणि तिच्या आसपासचा प्रदेश, एवढेच त्याचे जग. आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. पहिला जोराचा पाऊस झाला, की जांभ्याच्या पठारावरच्या उथळ डबक्यांकडे हे भेक येतात. नर ओरडून माद्यांना बोलावतात. त्या काही दिवसांत वर्षाचे सगळे काम उरकायचे असते. डबके म्हणजे आपल्या परातीएवढे पाणी. दोन दिवस पाऊस रुसला तर तेही आटते.

अशा एका परातीभोवती दहा माणसे ओणवी बसली आणि प्रत्येकाने ‘बरोबर मात्रा सापडेपर्यंत’ वीस-वीस वेळा दिवा उडवला, तर दोनशे विजा झाल्या. दिवा रोखला की नर गप्प होतो, हे मी दोन्ही पावसाळ्यांत पाहिले. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू करतो. पुन्हा वीज, पुन्हा गप्प. एका रात्री आमच्या शेजारच्या डबक्याशी एक मंडळी आली होती. उत्साही, चांगल्या घरची, भारी सामानाची. त्यांतल्या एकाने भेक चिमटीत उचलून हिरव्या शेवाळावर ठेवला, मागची बाजू चांगली दिसावी म्हणून. मग चर्चा सुरू झाली: जरा जास्त झाले, जरा कमी करा, आता काळे आले. भेक बिचारा शेवाळावर बसलेला. आमच्याबरोबर वाट दाखवायला गावातला एक तरुण होता. तो त्यांना काही बोलला नाही, पण आमच्याकडे वळून स्नेह्यांना म्हणाला, “काका, तुमचे दोन झाले. आता तेका जावंदे.”

स्नेह्यांचे खरोखरच दोन झाले होते, आणि दोन्ही बरोबर होते. याला कारण त्यांची एक पद्धत. ते भेक शोधायला निघण्याआधी मुक्कामाच्या अंगणातच मात्रा ठरवतात. भेकासाठी जांभ्याचा भिजवलेला खडा. हिरव्या बेडकासाठी ओले आंब्याचे पान. फेसाच्या घरट्यासाठी चुरगाळलेला पांढरा हातरुमाल. त्यावर पाच-सात वेळा उडवून पाहतात आणि आकडा डायरीत मांडतात. रानात गेल्यावर मग फक्त अंतर सांभाळायचे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरच्या चित्रावर ते विश्वास ठेवत नाहीत. रात्रीच्या काळोखात तो पडदा इतका तेजस्वी वाटतो, की कमी उजेडाचे चित्रही झकास दिसते. घरी येऊन पाहावे तर कोळसा. ते हिस्टोग्राम पाहतात. उजवीकडची टेकडी भिंतीला टेकली म्हणजे काहीतरी जळले, आणि सगळी टेकडी डावीकडे साचली म्हणजे हात आखडला. खड्याच्या बाबतीत ती जरा डावीकडेच हवी, रुमालाच्या बाबतीत उजवीकडे. काळे ते काळे, पांढरे ते पांढरे.

मलबारी उडता बेडूक हा मात्र निराळ्या थाटाचा प्राणी. हिरवागार, बोटांमधले पडदे तांबडे, झाडावरून झेप घेतली की चारही पंजे पसरून तरंगत खाली येणारा. फेसाच्या घरट्यातली पिले मोठी झाली की थेट खालच्या पाण्यात टपटपतात. असे एक घरटे आम्ही पावसात टिपले, तेव्हा त्याच्या टोकाचा सुटता थेंब हवेत गोठल्यासारखा आला. मला हे कॅमेऱ्याचे कर्तृत्व वाटले. पण शटर तर दोनशेव्या सेकंदालाच होते. थेंब थोपवला तो फ्लॅशने. ताकद कमी केली की फ्लॅश मंद होत नाही, तोकडा होतो: सोळाव्या हिश्श्यावर त्याची ठिणगी सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपते. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी याच युक्तीने दुधाच्या थेंबाचा उसळलेला मुकुट टिपला. त्यांचे ते रंगीत चित्र १९५७ सालचे. मात्रा कमी ठेवण्याचा हा आणखी एक लाभ.

आता थोडे आवडीनिवडीचे. फ्लॅशवर काढलेल्या बहुतेक चित्रांत प्राण्यामागे डांबरासारखा काळोख असतो. स्पर्धांतून अशी चित्रे वाहवा मिळवतात. मला ती लग्नाच्या अल्बममधल्या मखमली पडद्याची आठवण देतात. बेडूक आंबोलीचा की अंधेरीचा, काही कळत नाही. याला उतारा दिवेलागणीच्या दहा मिनिटांत आहे. त्या वेळी धुक्यात निळा उजेड थोडासा शिल्लक असतो. शटर पंधराव्या सेकंदावर आणले की तो निळा उजेड मागे उतरतो, आणि फ्लॅशची मात्रा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली की पुढे बेडूक उमटतो. दोन नळ आहेत म्हणा ना. एक शटरचा, तो मागचे रान भरतो. दुसरा फ्लॅशचा, तो पुढचा प्राणी भरतो. एक सोडला म्हणून दुसऱ्याला फारसा धक्का लागत नाही. पण संध्याकाळ दर मिनिटाला उतरत जाते आणि पहिला नळ सारखा जास्त सोडत राहावे लागते. शेवटी हात हलतो आणि रान फरकटते. या दहा मिनिटांत एखादे चित्र जमले तर जमले. स्नेह्यांच्या संग्रहात अशी चारच आहेत, आणि त्यांच्या सगळ्या चित्रांत मला आंबोलीचा वास येतो तो त्या चारांना.

हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात २०२० साली माशाची एक नवी जात जाहीर झाली आणि २०२१ साली त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून कपाळाला दिवा बांधणाऱ्यांची जातही वाढते आहे. चांगलेच आहे, गावातल्या पोरांना चार पैसे मिळतात. आमच्याबरोबर येणारा तो तरुण आता स्वतंत्रपणे पाहुण्यांना घेऊन जातो. त्याच्या पिशवीत विजेरी, काठी आणि प्लॅस्टिकच्या पुडीत जांभ्याचा एक ओला खडा असतो. डबक्यापासून वीस-पंचवीस पावलांवर तो सगळ्यांना थांबवतो, खडा जमिनीवर ठेवतो आणि म्हणतो, “आधी हेचो फोटो काढा, मगे तेचो.”